दोन गोलांनी मागे आणि चाचा गप्प

“अहो चाचा, उठा! उठा म्हणतो मी! दोन गोल बसले आपल्यावर, दोन! माणूस आहात की मैलाचा दगड?”

ओरडत होते आमच्या क्लबचे अध्यक्ष. त्यांच्या पहिल्या हाकेला कुंपणावरचे कावळे उडाले, दुसरीला चहावाल्याच्या किटलीचं झाकण पडलं, आणि तिसरीला, शप्पथ सांगतो, खाली बंदरात नांगरलेल्या दोन लाँचींनी भोंगा वाजवून ओ दिली. अध्यक्षांचा मिरजोळ्याला बर्फाचा कारखाना आहे. इतकी वर्षं टनावारी बर्फ काढला या माणसाने, पण त्यातला चिमूटभर कधी स्वतःच्या डोक्यावर ठेवला नाही.

ज्यांच्यावर हा तोफखाना चालू होता ते आमचे चाचा, क्लबचे मॅनेजर, रेषेच्या बाहेर मासळीचा निळा क्रेट पालथा घालून त्यावर बसले होते. दोन्ही तळवे गुडघ्यांवर. पांढरी दाढी, विणलेली टोपी, गळ्यात दोरीला लटकलेला चष्मा. समोर कातळावरच्या लाल मैदानात आमची अकरा पोरं चिपळूणच्या संघाकडून फायनलमध्ये मार खात होती, आणि चाचांच्या चेहऱ्यावर पोस्टात रांगेत उभ्या असलेल्या माणसाएवढाही त्रास नव्हता. अध्यक्ष चौथ्यांदा ओरडले तेव्हा चाचा क्रेटवर थोडे सरकले, शेजारी जागा केली आणि हाताने खूण केली. बसा.

“मला बसायचं नाय! मला गोल पायजे!”

मी दोघांच्या मधे उभा होतो. मी क्लबचा सेक्रेटरी. आणि माझ्या शर्टाच्या खिशात चाचांना काढून टाकल्याचं पत्र होतं. ते मीच लिहिलं होतं. सामना हरलो की शिट्टी वाजल्यावर तिथंच, मैदानावर, चाचांच्या हातात द्यायचं असं ठरलं होतं. द्यायचं कोणी? सेक्रेटरीने.

आता या माणसाला पत्र देणं म्हणजे काय, हे कळायला चाचा कळले पाहिजेत. आणि चाचा कळायला वेळ लागतो, कारण ते बोलत नाहीत.

बोलत नाहीत म्हणजे अगदीच बोलत नाहीत असं नाही. पण त्यांचा आवाज ऐकलेली माणसं रत्नागिरीत शोधायची तर शिरगणती करावी लागेल. आमच्याकडे एक लेफ्ट बॅक होता, तो दोन सीझन चाचांना मुके समजत होता. त्यांच्याशी हातवारे करूनच बोलायचा, बिचारा, आणि त्यात एवढा तरबेज झाला की घरी आईकडे भातसुद्धा खुणेने मागायचा. एके दिवशी चाचा त्याला म्हणाले, “बूट बांध.” पोरगं जागच्या जागी बसलं ते पाणी मारल्यावर उठलं.

तरुणपणी चाचा जहाजावर होते. इंजिनरूममध्ये ऑइलमन. निम्मं जग त्यांनी पाण्याच्या पातळीखालून पाहिलं, म्हणजे पाहिलंच नाही. एकदा मी विचारलं, “चाचा, तुम्ही पोरांवर ओरडत का नाही?” त्यावर त्यांनी मी आयुष्यात ऐकलेलं त्यांचं सर्वांत लांब भाषण केलं. म्हणाले, “इंजिनरूममध्ये ओरडून शेजारच्याला पण ऐकू जात नाही. तिथं बेअरिंगवर हात ठेवायचा. गरम लागलं तर थांबवायचं.” एवढं बोलून त्यांना धाप लागली असावी, कारण पुढचा आठवडाभर त्यांनी एक अक्षर काढलं नाही.

तोच हात ते आम्हाला लावायचे. सामन्याआधी अकरा जण निवडायची चाचांची रीत अशी: सगळ्यांनी ओळीने उभं राहायचं, पाठ त्यांच्याकडे. चाचा एकेकाच्या मागून जायचे आणि दोन खांद्यांच्या मधे तळवा टेकवायचे. टेकवून पुढे गेले तर तू खेळणार. तळवा तिथंच राहिला, तर समजायचं, आज तू बाहेर. ना कारण, ना चर्चा. मी गोलकीपर होतो तेव्हा एका सेमीफायनलला तो तळवा माझ्या पाठीवर राहिला. मी आकांडतांडव केलं. चप्पल फेकली, क्लब सोडतो म्हणालो, चाचांच्या जहाजाचा, इंजिनाचा, त्या इंजिनाच्या कारखान्याचा उद्धार केला. चाचा ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी माझी चप्पल आणून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझे डोळे हळदीने रंगवल्यासारखे पिवळे. कावीळ! खेळलो असतो तर गोलपोस्टला टांगूनच घरी आणावं लागलं असतं.

तेव्हापासून चाचांच्या हाताला सिद्धी आहे अशी बातमी मी स्वतः गुहागरपर्यंत पोचवली. लोक आजारी म्हशी दाखवायला आणतील की काय अशी वेळ आली. मग एकदा आजारातून उठल्यावर आईबरोबर पहाटे मासळी बाजारात गेलो आणि सिद्धीचा उलगडा झाला. समोर चाचा. आणि चाचा बोलत होते! असे बोलत होते की कोळणीला मधे भाव सांगायला जागा मिळेना. एका पोराच्या आईला विचारत होते, “परवा बापाशी भांडला तो जेवला की नाय मग?” दुसरीला, “याची मावशी मुंबईसून आली ती गेली काय गो? रात्री झोपायला जागा मिळते ना त्याला?” माझ्या आईने त्यांना पाहिलं मात्र, तिथूनच सांगायला लागली, “चाचा, आता बरा हाय हो! तुमी सांगितलंत म्हनून मी त्याच्या लघवीचा रंग बघितला, नायतर मेल्याने मला सांगितलंच नसतं.”

भर बाजारात! पापलेटांच्या देखत!

मला पाहिल्यावर चाचा एकदम गप्प झाले. विडी ओढताना पकडलेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा झाला. बांगडे पिशवीत घातले आणि निघून गेले. तो तळवा नुसता नावाला होता, महाराज. अकराजणांची निवड पहाटेच बाजारात झालेली असायची, आणि निवडसमितीवर आमच्या आया होत्या.

सरावाचीही अशीच तऱ्हा. आमचा सराव भाट्याच्या किनाऱ्यावर, ओल्या वाळूत. ओहोटी असेल तेवढंच मैदान. आता ओहोटी रोज पाऊण तास पुढे सरकते हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत, पण मी शाळेतल्या मास्तरांचा मुलगा, मला घड्याळ शिकवलेलं. पहिल्या दिवशी पाचला सराव झाला, म्हणून दुसऱ्या दिवशीही मी पाचला हजर. काल जिथं गोलपोस्ट होता तिथं समुद्र. मी बूट हातात घेऊन गुडघाभर पाण्यात उभा. चाचा सुरूच्या झाडाखाली बसून माझ्याकडे बघत होते. अर्धा तास बघितलं. मग आले आणि म्हणाले, “पावणेसहा.” कधीही कुणाला वेळ सांगायचे नाहीत. तिथी बघायची, हिशोब करायचा, यायचं. अष्टमीला भर दुपारी बारा वाजता सराव. किनाऱ्यावरच्या कोरड्या वाळूत ठेवलेला बांगडा आपोआप भाजून निघेल असं ऊन. चाचांच्या भिंतीवर तिथ्यांचं कॅलेंडर, आणि तिथ्या त्यांना एवढ्या पाठ की आमच्या शेजारच्या काकू संकष्टीचा चंद्रोदय त्यांना विचारून उपास सोडायच्या. “चांद तर एकच आहे,” एवढंच म्हणायचे.

आणि मिलिंदची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मिलिंद तेव्हा नवा, सतरा वर्षांचा, डिफेन्सला. एका सामन्यात त्याने बॉल बाहेर काढायला म्हणून असा काही मारला की तो पंचवीस यार्डांवरून माझ्या डोक्यावरून, माझ्या बोटांवरून, सरळ आमच्याच गोलच्या कोपऱ्यात. मी तेवढा सुंदर गोल त्याआधी खाल्ला नव्हता. सामना हरलो. पोरगं रडत, लोक त्याच्या नावाने बोंबलत, अध्यक्ष तर त्याला बर्फाच्या लादीवर झोपवायला निघालेले. चाचा त्याच्या शेजारी जाऊन बसले. बराच वेळ नुसते बसले. मग म्हणाले, “नेम चांगला आहे. बाजू बदलू.” आणि पुढच्या सीझनपासून मिलिंद आमचा स्ट्रायकर.

असा माणूस. या माणसाला काढायचं पत्र मी लिहिलं. का? तर अध्यक्षांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. “बघ हे, बघ! परदेशातले कोच हाफटाइमला काय गर्जना करतात! टेबलं लाथाडतात! आपला कोच काय करतो? पाठीवर हात ठेवतो. तीन वर्षं कप नाय!” मुंबईचा एक सर्टिफिकेटवाला कोच त्यांना भेटला होता. लॅपटॉप होता त्याच्याकडे. कमिटीत सातजण. सहाजणांनी माना डोलावल्या. सातवा मी. मला तोंड आहे हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक. त्या दिवशी ते कुठे गेलं होतं कोण जाणे. मीही डोलावली. एवढंच नाही, पत्राचा मसुदा मी करतो म्हणालो, म्हणजे निदान भाषा तरी बरी राहील. आणि काय भाषा लिहिली! “आजच्या अंतिम सामन्यातील पराभव लक्षात घेता, आपल्या प्रदीर्घ, निःस्वार्थ व तपस्वी सेवेबद्दल कृतज्ञता व्यक्त करून...” सामना व्हायच्या दोन दिवस आधी मी पराभव लिहून ठेवला. खाली एक ओळ: “वरील निर्णय मला मान्य आहे.” आणि सहीसाठी रेघ.

फायनलच्या दिवशी मी दोन कागद खिशात घातले. एक हे पत्र. दुसरा खेळाडूंची यादी. ती पंचांच्या टेबलावर मॅनेजरच्या सहीने द्यावी लागते. दोन्ही क्लबच्या त्याच लेटरहेडवर, दोन्हींच्या चार घड्या. बाहेर ऊन असं की घामाने दोन्ही एकमेकांना चिकटलेले. टेबलावरून हाक आली, “यादी आणा!” मी घाईत एक कागद सोडवला, चाचांपुढे धरला, पेन दिलं. चाचांनी सही केली. मी धावत टेबलाकडे. टेबलावरच्या माणसाने कागद उघडला, दोन ओळी वाचल्या आणि मान वर करून म्हणाला, “ओ, सामना हरलात पण तुम्ही? अजून टॉस व्हायचाय.”

मी त्याच्या हातातून कागद ओढून घेतला. खाली चाचांची सही, वळणदार, अगदी रेघेवर. वरील निर्णय मला मान्य आहे.

आता खरी यादी घेऊन पुन्हा सहीला जायचं होतं. गेलो. म्हणालो, “चाचा, अजून एक सही. यंदापासून दोन प्रती लागतात.”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. दुसरी सही केली. पेन परत दिलं.

आणि मला आठवेना! पहिल्या वेळी चष्मा डोळ्यावर होता की गळ्यात? चाचांना जवळचं दिसत नाही. चष्मा गळ्यात असेल तर मी एका म्हाताऱ्या माणसाची फसवून सही घेतली. चष्मा डोळ्यावर असेल तर... त्यापेक्षा फसवलेलं बरं. पहिला हाफभर मी सामना पाहिलाच नाही, चाचांच्या नाकावर चष्म्याचे वळ दिसतात का तेवढंच पाहत होतो. दोन गोल झाले ते मला अध्यक्षांच्या आवाजावरून कळले.

हाफटाइम झाला. पोरं जांभळाखाली येऊन कोसळली. अध्यक्षांनी भाषण सुरू केलं, त्यात इज्जत होती, रक्त होतं, शिवाय बर्फाच्या कारखान्याला किती कष्टाने कर्ज मिळालं तेही होतं. चाचा पोरांच्या मागून, सवयीप्रमाणे, एकेकाच्या पाठीवर तळवा टेकवत निघाले. मिलिंदच्या पाठीवरून पुढे. गोलकीपरच्या पाठीवरून पुढे. आणि नासिरच्या पाठीवर तळवा थांबला.

नासिर आमचा कॅप्टन. नुसता कॅप्टन नव्हे, तो आमचा संघच. बाकीचे दहाजण बॉल मिळाला की इमाने इतबारे नासिरकडे पोचवायचे, पोस्टमन पत्र पोचवतात तसा. पुढचं काय ते नासिर बघायचा. चिपळूणवाल्यांनाही हे ठाऊक, म्हणून त्यांनी त्याला धरायला तीन माणसं ठेवलेली. तो पाणी प्यायला गेला तरी तिघं मागे.

चाचा म्हणाले, “नासिर, दवाखान्यात जा.”

अध्यक्षांचं भाषण थांबलं. त्यांच्या हयातीत पहिल्यांदा.

नासिर खाली मान घालून म्हणाला, “चाचा, अजून वेळ आहे म्हणाली नर्स. सामना संपला की जातो.”

“पहाटे गेलीय ती,” चाचा म्हणाले. “आई बाजारात आली नाही तुझी. का, ते आत्ता कळलं.”

तेव्हा आम्हाला कळलं. नासिरची बायको बाळंत व्हायची होती, पहाटे कळा सुरू झाल्या, आणि या पठ्ठ्याने आम्हा कोणाला न सांगता फोन बंद करून पिशवीत टाकला आणि खेळायला आला. पहिलटकरीण ती. नासिरने चाचांकडे पाहिलं, मग अध्यक्षांकडे, मग बूट काढायला लागला. चाचांनी वाकून दुसऱ्या बुटाची नाडी सोडवली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “गाडी दे त्याला.”

मी चावी दिली. देणार नाही तर काय!

अध्यक्षांना कंठ फुटायला नासिर फाटकाबाहेर जावा लागला. मग मात्र फुटला. “अहो, काय केलंत! दोन गोल मागे आणि कॅप्टन घरी? बाळ काय नासिरने जन्माला घालायचंय? तिथं डॉक्टर आहेत, नर्स आहे! इथं कोण आहे?” माझ्याकडे वळून दातओठ खात म्हणाले, “कागद तयार ठेव.” माझा हात खिशावर गेला. कागद तयारच होता. सहीसकट.

चाचा जाऊन क्रेटवर बसले.

आता पुढचं सांगतो ते नीट ऐका, कारण हे मी आतापर्यंत कमीत कमी हजार वेळा सांगितलंय आणि दर वेळी थोडं वाढलंय. दुसरा हाफ सुरू झाला. नासिरला धरायला ठेवलेले चिपळूणचे ते तिघे मैदानात नासिरला शोधत फिरायला लागले. धरायचं कोणाला? एकाने दुसऱ्याला विचारलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि तेवढ्यात मिलिंद तिघांच्या मधून गेला. आमच्या पोरांची तीच गत. बॉल मिळाला की सवयीने नासिरकडे बघायचे, नासिर नाही. मग नाइलाजाने स्वतःच खेळायला लागले! जन्मात पहिल्यांदा! जो लेफ्ट बॅक कधी मधली रेघ ओलांडून गेला नव्हता तो पार पलीकडे कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत पोचला आणि तिथं पोचल्यावर नव्या गावात आल्यासारखा इकडेतिकडे बघायला लागला. त्याने जो बॉल टाकला त्यावर मिलिंदने पहिला गोल केला. मग दहा मिनिटांनी एका कॉर्नरवर घोळका झाला, धुरळा एवढा उडाला की लाल ढगाशिवाय काही दिसेना, आणि ढग विरला तेव्हा बॉल जाळीत. तो कोणाचा हे अजून ठरलेलं नाही. पाचजण सांगतात माझा. दोन-दोन.

अध्यक्ष आता चाचांच्या क्रेटच्या उरलेल्या कडेवर येऊन बसले होते. कधी बसले ते त्यांनाही कळलं नसावं.

आठ मिनिटं राहिली असताना माझा फोन वाजला. नासिर. आवाजावरून हसतोय की रडतोय कळेना. “मुलगी,” म्हणाला. “दोघी बऱ्या आहेत. नाळ अडकली होती, पण आता बऱ्या आहेत. मी होतो म्हणून बरं झालं, सह्या पाहिजे होत्या.” मी चाचांच्या कानात सांगितलं.

आणि चाचा उठले.

इतक्या वर्षांत सामना चालू असताना क्रेटवरून उठलेले चाचा कोणी पाहिले नव्हते. मैदानात आमची पोरं जागच्या जागी थिजली; रेफ्रीसुद्धा बघायला लागला. चाचा रेषेपर्यंत गेले, दोन्ही हातांचा पाळणा केला आणि हलवला. डावीकडे, उजवीकडे. मग एक बोट वर केलं आणि ते कानाच्या पाळीला लावलं. कानात डूल. मुलगी.

त्या मैदानावरून जो आवाज उठला तो असा! अध्यक्षांना पहिल्यांदा कोणीतरी आवाजात मागे टाकलं. तिसरा गोल कसा झाला हे मी सांगू शकत नाही, कारण मी अध्यक्षांच्या गळ्यात पडून रडत होतो आणि ते माझ्या. एवढं खरं, की झाला.

कप मिळाल्यावर, फोटो काढून झाल्यावर, हार पडल्यावर अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं.

“तो कागद कुठाय रे?”

“कुठला कागद?”

“तेच विचारतोय मी,” अध्यक्ष म्हणाले. “कुठला कागद?” आणि डोळा मारून फोटोत उभे राहायला पळाले. माणूस वाईट नाही. गरम आहे, एवढंच.

मी तो कागद चहावाल्याच्या शेगडीत घातला आणि शेजारी उभा राहून चहा प्यायलो. छातीवरून कोणीतरी जातं उचलून घ्यावं तसं हलकं वाटत होतं. त्या दिवशी मी सात कप चहा प्यायलो.

पुढे काय, तो सामना दंतकथाच झाला. चाचांचा डाव! चिपळूणच्या तिघांना मोकळं पाडण्यासाठी चाचांनी मुद्दाम नासिरला काढलं, बाळंतपण हे नुसतं निमित्त, अशी मांडणी मीच केली. गुहागरला एका हॉटेलात काडेपेट्या आणि चटणीची वाटी मांडून मी हा डाव तासभर समजावून सांगितला, तेव्हा लोकांनी मला भज्यांचे पैसे देऊ दिले नाहीत. चिपळूणच्या कोचनेसुद्धा येऊन चाचांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, “असलं डोकं बघितलं नाही.” चाचांनी त्याला चहा पाजला.

त्यानंतर चाचा आणखी काही वर्षं होते. गेल्या वर्षी एका सकाळी ते माझ्या दारात आले आणि माझ्या हातात कागद ठेवला. त्यात एवढंच होतं: “आता पुरे. पोरांना ओहोटी कळते.” खाली सही, तीच वळणदार. मी तो कागद दोनदा वाचला. तुम्हाला खोटं वाटेल, पण वाईट वाटण्याआधी मला सुटल्यासारखं वाटलं. हे पत्र त्यांनी स्वतः लिहिलं होतं, स्वतःच्या मर्जीने, आपल्या पायांनी चालत आणून दिलं होतं. माझी भाषा त्यात कुठे नव्हती. आता संघ नासिर बघतो. निरोपाच्या समारंभात अध्यक्ष पाऊण तास बोलले, मी त्याहून जास्त, मग चाचा माइकपुढे आले. चाचा म्हणाले, “जेवण तयार आहे.” आणि खाली उतरले.

समारंभानंतरच्या आठवड्यात मासळी बाजारातून परतताना ते मला दिसले. मी त्यांच्याबरोबर चालायला लागलो. बराच वेळ इकडचं तिकडचं बडबडलो. मग धीर केला.

“चाचा, त्या फायनलला मी आधी जो कागद दिला सहीला...”

“हो.”

“चष्मा होता डोळ्यावर?”

“होता.”

मी तिथंच थांबलो. चाचाही थांबले. “म्हणजे वाचलंत?”

“वाचलं. लांब होतं.”

“आणि तरी सही केलीत?”

“मागितलीस तू.”

मी पुष्कळ काही बोललो. माफी मागितली, कमिटीला शिव्या घातल्या, स्वतःला त्याहून जास्त. चाचा पिशवी या हातातून त्या हातात घेत ऐकत होते. सगळं बोलून झालं तरी मला एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवेना, कारण इतकी वर्षं मी ती गावोगाव सांगत होतो.

“पण चाचा, म्हणजे काय डोकं तुमचं! हरलो तर हाकलणार हे वाचलेलं. दोन गोलांनी मागे. आणि तशात नासिरला काढलंत! ते तिघे मोकळे पडतील, आपली पोरं मोकळी खेळतील, हे तुम्हाला नेमकं कधी दिसलं? पहिल्या गोलनंतर? की टॉसच्या वेळीच?”

चाचा माझ्याकडे बघत राहिले. माझ्या डोक्यावर काही परिणाम झालाय का, असं बघत राहिले.

“बायको दवाखान्यात होती त्याची,” ते म्हणाले.